मामंजींना साबण चालत नाही

मला वेड लागलंय हे मला सर्वांत शेवटी कळलं. आमच्या घरात बातम्या अशाच फिरतात: आधी सुनेला, मग मुलाला, मग फोनवरून माझ्या धाकट्या बहिणीला, आणि सगळ्यांचं चघळून झालं की उरलासुरला चोथा मला.

वेडाचा पुरावा असा. एका दुपारी सूनबाई न सांगता आली. तिच्या घरी माझ्या घराची एक किल्ली असायची, "अडीअडचणीला असू दे" म्हणून मुलाने करून घेतलेली. अडचण नव्हती तरी ती आली. मी जेवणाच्या टेबलाशी चहा करत होते. तिने दारातूनच पाहिलं की मी चहादाणीत पत्ती घातली, वर उकळतं पाणी ओतलं आणि लगेच तो सगळा चहा टेबलावरच्या मातीच्या बेडकाच्या डोक्यावर ओतून टाकला. मग पुन्हा पाणी भरलं, झाकण लावलं आणि किटलीतलं उरलेलं पाणी बंद चहादाणीवर बाहेरून ओतलं. वर म्हणाले, "झालं हो मामंजी, आता गप बसा."

माझे सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती.

सूनबाई जवळ आली. तिने माझा हात हातात घेतला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

आता नीट सांगते, कारण माझ्या घरच्यांना मी हे अनेकदा सांगितलं आणि त्यांनी दर वेळी मोबाइलकडे बघत "हो का?" म्हटलं. माझ्याकडे चार चिनी चहादाण्या आहेत, बिनचकाकीच्या मातीच्या. आतून बाहेरून नुसती भाजलेली माती. अशी माती चहा पिते. रोज थोडा थोडा चहा तिच्यात मुरतो आणि पुढच्या चहाला ती त्यातलं काही परत देते. म्हणून एका चहादाणीत एकच चहा करायचा, जन्मभर. म्हणून तिला साबण लावायचा नाही, नुसत्या गरम पाण्याने विसळून झाकण काढून वाळत ठेवायची. पत्ती धुऊन निघावी आणि उघडावी म्हणून पहिलं पाणी टाकून द्यायचं, तेही बेडकावर, कारण असला मातीचा बेडूक चहाच्या टेबलावर त्यासाठीच ठेवतात. आतबाहेर सारखी ऊब राहावी म्हणून वरून पाणी ओतायचं. यात वेड कुठे आहे?

नावं ठेवली, हा माझा चावटपणा. जाड अंगाची, जांभळट काळी, तापायला उशीर आणि निवायलाही उशीर, ते मामंजी. त्यांना फक्त वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला जुना काळा चहा चालतो, नवीन काही पुढे केलं की बिघडवून टाकतात. चपटी, पिवळसर आणि तोटी किंचित वाकडी, ती नणंदबाई, तिला भाजलेल्या पानांचा चहा लागतो. पेरूएवढी गोल ती आत्याबाई, तिच्यात साधा काळा चहा. आणि सर्वांत लहान, तांबडी, पातळ अंगाची, सुवासिक चहाची. तिला मी नुसतं 'बाई' म्हणते, कारण ती एका बाईने दिली.

मी आयुष्यभर कवळ्या केल्या. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत प्लास्टर, मेण आणि गुलाबी हिरड्या यांच्यात माझी नोकरी झाली. तिथे एक चिनी म्हातारी यायची, शिवणकाम करणारी. नवीन कवळी बसवल्यापासून चहाला चव लागत नाही, ही तिची तक्रार. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की वयाने चव जाते, आता सवय करून घ्या. तिच्या मुलाने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि पुन्हा आली. पुन्हा आली. शेवटी मी कवळीची टाळूवरची पट्टी घासून घासून शक्य तितकी पातळ केली. म्हातारीने पिशवीतून थर्मास काढला, तिथेच एक घोट घेतला आणि मोठ्याने हसली. तिचं वय झालं नव्हतं, पट्टी जाड होती. ती तांबडी चहादाणी तिची. ती वापरायची कशी हेही तिनेच शिकवलं, माझ्या हातावर चापट्या मारून.

तर आता माझ्याबाबत घरात ठरलं होतं की वय झालं. किटली एकदा जळली होती, हे खरं. बहिणीशी फोनवर बोलत असताना जळली. पण माझ्या बहिणीशी फोनवर बोलताना कोणाचीही किटली जळेल. मुलाने मात्र त्या जळक्या किटलीला बेडूक जोडला, बेडकाला मामंजी जोडले आणि निकाल लावला: आईने आता एकटं राहायचं नाही. त्यांच्याकडची मागची खोली रिकामी होतीच. गॅसजवळ जायचं नाही, चहा सूनबाई देईल. चहादाण्यांपैकी एक कपाटात शोभेला ठेवू, बाकीच्या कोणाला तरी देऊन टाकू.

"आणि मी?" मी विचारलं. "मलाही कपाटातच ठेवणार का?"

"आई, तू लगेच चिडतेस," मुलगा म्हणाला. ते त्याच्या पुराव्यात जमा झालं असणार.

मी दोन दिवस बहिणीकडे गेले होते. परत आले तर घर चकचकीत. पडदे धुतलेले, फरशी पुसलेली आणि फळीवर माझ्या चारही चहादाण्या स्वच्छ, कोरड्या, नव्या असल्यासारख्या. मी मामंजींचं झाकण उचलून वास घेतला. एरवी तिथे जुन्या लाकडाचा, ओल्या मातीचा वास येतो. लिंबाचा आला. नणंदबाई, लिंबू. आत्याबाई, लिंबू. बाईंचं झाकण मला उचलवेना. उचललं. लिंबूच.

तेवढ्यात सूनबाईचा फोन. आवाज आनंदाने भरलेला. "आई, पाहिलंत का? उद्या तुमच्याकडे पाहुणे येणार आहेत, म्हटलं जरा आवरून ठेवावं. त्या चहादाण्यांच्या आत केवढा काळा थर होता! रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घातल्या, तेव्हा कुठे निघाला."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग ओट्याला टेकून रडले. किती वर्षांचा चहा होता तो. नवरा गेला त्या सकाळी मी कुणाशी न बोलता प्यायलेला चहाही त्यातच होता. आणि तिला ओरडावं तर कसं ओरडू? भांडी घासली म्हणून सासू रडते, असं सांगितलं असतं तर वेगळ्या पुराव्याची गरजच उरली नसती. आपलेच दात, आपलेच ओठ. रडून झाल्यावर मात्र मला असा राग आला की मी स्वतःच दचकले. त्या रागात मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिघे आले. मुलगा, सून आणि एक चष्मेवाली तरुण बाई.

"ही आमची मैत्रीण," मुलगा म्हणाला. "सहज आली आहे."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" मी म्हटलं. मग तिच्याकडे वळले. "तुम्ही डॉक्टर ना?"

ती मुलाकडे न बघता म्हणाली, "हो मावशी. विसराळूपणाची डॉक्टर. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल."

ही मला आवडली.

तिने काही शब्द सांगितले, ते थोड्या वेळाने परत म्हणून दाखवायचे होते. घड्याळ काढायला लावलं, मी काटे जरा ऐटदार काढले. आकडे उलटे म्हणायला लावले, त्यात एकदा अडखळले. मुलाने सुनेकडे पाहिलं. मी ते पाहिलं. वार विचारला तर सून ओठांनीच सांगू लागली, जणू मी बालवाडीच्या प्रवेशाला बसले होते.

"आई," मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "यांना तुझा तो चहा करून दाखव ना. बेडकाचा."

चहा प्यायचा नव्हता त्याला. मी बेडकावर पाणी ओतताना डॉक्टरने पाहावं, एवढंच हवं होतं. ठीक आहे, म्हटलं, बघाच.

मी मामंजींना फळीवरून काढलं. माझ्याकडचा सर्वांत जुना चहा फोडला. काय होणार हे मला माहीत होतं आणि मी ते मुद्दाम करत होते. आपण काय करून ठेवलंय याची चव त्यांना कळावी, एवढाच माझा डाव होता. एक घोट घेतील, तोंड वाकडं करतील, मग मी माझं म्हणणं मांडीन. डॉक्टरीणबाई बिचारी उगाच सापडणार होती, पण वैद्याला एखादा कडू घोट चालायला हरकत नाही.

पत्ती धुतली, पहिलं पाणी बेडकाला. दुसरं पाणी आत, झाकण, वरून आंघोळ. काही चुकवलं नाही आणि काही लपवलं नाही. पेल्यांत चहा ओतला तेव्हा कडेला बारीक फेस आला.

मुलाने घोट घेतला. गिळताना त्याचा गळा हलला.

"वा!" तो म्हणाला. "मस्त झालाय."

मला वाटलं, तो चेष्टा करतोय. सूनबाईने दोन घोट घेतले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, तरी हसून म्हणाली, "छान आहे, आई. नेहमीसारखा."

मी माझा पेला उचलून प्यायले. लिंबाचा भांडी घासायचा साबण, वर कडवट चहा. दुसरं काही नव्हतंच त्यात.

डॉक्टरीणबाईने घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि रुमालाने ओठ पुसले.

"मावशी, माफ करा," ती म्हणाली. "मला यात साबण लागतोय."

"आहेच," मी म्हटलं. "भरपूर आहे."

मुलगा पेल्यात बघत बसला. चिरंजीव एवढे गप्प झालेले मी दहावीच्या निकालानंतर पाहिले नव्हते.

"तुला लागला नाही?" मी विचारलं.

"लागला."

"मग?"

"तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"नेहमीसारखा, म्हणाली ही. नेहमी असंच चालतं का तुमचं? मी साबण दिला तरी 'वा', विष दिलं तरी 'वा'?"

"आई, आम्ही फक्त सांभाळून घेत होतो," सून म्हणाली. आता ती खरोखर रडत होती.

"सांभाळून नका घेऊ!" माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "मी चुकले तर चुकले म्हणा. किटली जाळली तर ओरडा, मीही उलट ओरडेन. साबणाला साबण म्हणा. तुम्ही दोघं खोटं बोलून फेस पीत बसलात आणि वेडी कोण, तर मी? या खोलीत खरं काय ते मला आणि या परक्या मुलीला कळलं. तुम्हालाही कळलं होतं, पण ते बोलायची तुमची हिंमत झाली नाही. का, तर समोर एक म्हातारी बसलीय."

डॉक्टरीणबाईने चष्मा पुसला. आज तरी तिला काळजीचं काही दिसत नाही, म्हणाली, पण सहा महिन्यांनी पुन्हा भेटू, आणि आपोआप बंद होणारी किटली घ्या. ते मी ऐकलं. दुसऱ्याच दिवशी आणलीसुद्धा. नीट बोलणाऱ्याचं मी नीट ऐकते.

मग मी मुलापुढे हात पसरला. "किल्ली."

"आई, काही झालं तर?"

"तर बेल वाजव. नाही उघडलं तर दार फोड. दार माझं आहे, फोडायची परवानगी आत्ताच देऊन ठेवते. पण किल्ली नाही. आणि मागच्या खोलीत तुमचं इस्त्रीचं टेबल ठेवा."

त्याने किल्ली खिशातून काढून बेडकाशेजारी ठेवली. जाताना दारात थबकला. "त्या चहादाण्या... परत पहिल्यासारख्या व्हायला किती वेळ लागेल?"

"दहा वर्षं."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझं वय त्याला पाठ आहे.

"लागू देत," मी म्हटलं. "मला कुठे जायचंय?"

तेव्हापासून चालू आहे. आधी चौघांनाही साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून काढलं, मग ज्याला त्याला आपापल्या चहाच्या पाण्यात. रोज एकाची पाळी. बहीण म्हणते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी म्हणते, पीळ आहे म्हणून तर नवीन सुंभ वळतेय.

महिनाभराने एका दुपारी बेल वाजली. सूनबाई होती, एकटी, हातात बिस्किटांचा पुडा. बेल वाजवून दाराबाहेर उभी राहिलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. मी आत घेतलं. मामंजींचाच दिवस होता. चहा केला, तिच्यापुढे ठेवला आणि काही विचारलं नाही.

तिने घोट घेतला. मानेवर लाली चढली तिच्या.

"आई," ती म्हणाली, "अजून साबण लागतोय."

मी माझा घोट घेतला. लागत होता. जरासाच, अगदी शेवटी, पण लागत होता.

"लागतोय," मी म्हटलं. "ओत बेडकावर. आणि बस, दुसरा करते."