ताणून बसवलेल्या तारा

चष्म्याच्या दुकानाचा मालक मेलेल्या गिटारी जिवंत करायचा, आणि त्याचा त्याला इतका गर्व होता की विचारू नका. इलेक्ट्रिक गिटारी. कुणाच्या माळ्यावर पडलेली, कुणाच्या गॅरेजात ओल खाऊन फुगलेली, अशी अकरा धुडं त्याने घरी आणून भिंतीवर टांगली होती. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवून हात तयार झालेला. गंजलेल्या खुंट्या रॉकेलात बुडवायचा, तुटलेल्या वायरींना डाग द्यायचा, केसाएवढी तार गुंडाळून तारांचा आवाज टिपणारा पिकअप नव्याने भरायचा. त्यात माणूस वाकबगार होता, उगाच खोटं कशाला बोला? वाजवायला बसला की मात्र आनंदीआनंद. तीस वर्षांत तीन गाणी, आणि तिन्ही एकसारखी.

रविवारी सकाळी त्याच्यासारखेच दोन-तीन हौशी घरी जमायचे. ते त्याला 'डॉक्टर' म्हणायचे. अशाच एका रविवारी तो नुकतीच दुरुस्त केलेली गिटार वाजवून दाखवत होता, तेवढ्यात त्याची एकोणीस वर्षांची मुलगी वाळलेले टॉवेल घेऊन खोलीतून चालली होती. ती थबकली. "बाबा, तिसरी तार उतरलीये," म्हणाली, टॉवेल खुर्चीवर टाकले, गिटार त्याच्या मांडीवरून उचलली, खुंटी जराशी पिळली आणि दोन मिनिटं वाजवलं. दोनच मिनिटं. मग टॉवेल उचलून निघूनही गेली बिचारी.

मग एक जण म्हणाला, "डॉक्टर, आता तुम्ही नुसते स्क्रू फिरवा. वाजवायचं पोरीवर सोडा."

सगळे हसले. बापही हसला. लेकीचं कौतुक ऐकून बापाची छाती फुगावी की नाही? याच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं आठवडाभर गेलं नाही.

पोरीकडे स्वतःची एकच गिटार होती. त्यानेच उरल्यासुरल्या भागांतून जोडून दिलेली. तिच्यावर ती रोज तीन-तीन तास घासायची, बोटांना घट्टे पडले होते. कॉलेजातल्या एका बँडला गिटारवाली हवी होती. बँड वर्षभर गावोगाव वाजवत फिरणार होता. शनिवारी दुपारी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, वाजवून दाखवायचं होतं. तिचा जीव त्यात अडकला होता. "बाबा, हे झालं ना, तर मला दुसरं काही नको," असं तिनेच त्याला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

शनिवारी सकाळी तो म्हणाला, "आण इकडे. आजच्या दिवशी जुन्या तारांवर वाजवतेस होय?"

पोरीला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाबा आपणहून काही करतायत, हेच तिला अप्रूप. ती आंघोळीला गेली आणि तो कामाला बसला.

आता नव्या तारांचं असं असतं. खुंटीला गुंडाळल्या की एकेक तार हाताने ओढायची, सूर लावायचा, पुन्हा ओढायची, असं पाच-सहा वेळा, तोवर ती सैल पडायची थांबत नाही. हे शेंबडं पोरही जाणतं. डॉक्टरांनी खुंटीवर मुद्दाम सैल वेढे दिले, एकही तार ओढली नाही, वरवर सूर लावला आणि गिटार पुसून चकचकीत केली.

"ताणल्यात ना?" तिने विचारलं.

"मी बसवल्यात," तो म्हणाला. "बिनधास्त वाजव."

ती त्याच्या पाया पडून गेली हो!

हॉलमध्ये पहिल्याच गाण्यात सूर घसरला. तिने थांबून लावला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा लोक हसायला लागले, मागून कुणी मांजराचा आवाज काढला. चौथ्यांदा तिला स्वतःच कळेना की तार चढलीये की उतरलीये. ती अर्ध्यातून खाली उतरली.

घरी आली ती रडत नव्हती. चपला काढून त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, खरं सांगा. तारांचं काही असेल का?"

बघा, इथेसुद्धा वेळ गेली नव्हती. एक शब्द पुरला असता.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नये बेटा," तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला, मेला. "मेहनत तू भरपूर केलीस. पण कान मुळातच असावा लागतो. काहींना नसतो. त्यात लाज कसली?"

तिने होकारार्थी मान हलवली. मग गिटार त्याच्या हाती देऊन आत गेली.

बुधवारी बँडची ड्रमवाली दारात आली. पोरीनेच दार उघडलं. बाप मागे पेपर वाचत होता.

"अगं, फोन का उचलत नाहीस? तारा नव्या होत्या ना तुझ्या? कुणीतरी न ताणताच बसवल्या होत्या. आम्हाला तेव्हाच कळलं. शुक्रवारी पुन्हा ये, आम्ही अजून कुणाला घेतलेलं नाही."

"तारा बाबांनी बसवल्या होत्या," पोरगी म्हणाली.

"मग ते विसरले असतील!"

"बाबा?" पोरीला हसू आलं. "अकरा गिटारी उभ्या केल्यात त्यांनी. ते असं विसरतील? माझा कानच कच्चा आहे. त्यांनी सांगितलं मला. दुसऱ्या कुणी खोटी समजूत घातली असती."

ड्रमवालीने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पेपर खाली आला होता. तिने त्या माणसाकडे टक लावून पाहिलं आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंगच बदलला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना हिला."

पोरगीही वळली. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी लकाकलं, आशाच ती.

"मी काय सांगणार?" तो म्हणाला. "तिचं तिला कळलंय."

पोरीने मान डोलावली, मैत्रिणीचे आभार मानले आणि दार लावून घेतलं.