वाळ्याचं मलम

“उकळू द्यायचं न्हाय गं. मेण विरघळलं की साकु, बास, खाली घे.”

आईचा मैंदर्गीचा, कानडी मिसळलेला आवाज इतक्या वर्षांनी कानाशी आला, तसं अक्कम्मानं पातेलं खाली उतरवलं. आई असंच टाचांचं मलम करायची. हे मात्र सुनेच्या काखेसाठी होतं. वाळ्याच्या मुळ्या रात्रभर मुरवलेलं खोबरेल तेल, त्यात मेण. अक्कम्मानं आरारूट घातलं, अगदी चिमूटभर सोडा घातला आणि ती ढवळत राहिली. खिडकीतलं ऊन त्या पिवळसर मलमात हळूहळू फिरत होतं. घर सुगंधानं भरलं असणार. अक्कम्मा तोंडानं श्वास घेत होती.

मुलगा शिवराज लहानपणी तापातून उठला, तेव्हा तिनं सिद्धेश्वराला सुवास वाहिला होता. कुणी काशीला जाऊन एखादी भाजी सोडतं, तसा. तेव्हापासून मोगरा ओवतानाही ती मान वळवून घ्यायची.

अंकिता, तिची सून, उंबऱ्याशी बसली होती. कामाचा ड्रेस अंगात, चपला बाजूला. गेल्या आठवड्यात गणवेशाच्या कारखान्यात शेजारच्या मशिनीवरची रेश्मा स्टूल उचलून लांब जाऊन बसली होती. “पंखा तिकडं फिरवा की, हिकडनं वास येतोय,” म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. बाजारच्या स्प्रेनं नुसतं पुरळ उठलं. पुरळ बसलं, तरी अंकिता कामावर गेली नव्हती.

“पहिलं बोट देवाला,” अक्कम्मा म्हणाली.

“अवो आत्या, काखेला लावायचं ते देवाला?”

“त्याला काय काख न्हाय व्हय?”

अंकिता खुदकन हसली. मग आत जाऊन मलम लावून आली आणि सासूसमोर उभी राहिली.

“आता वास घेऊन सांगा.”

“मी?”

“मला कळंनाच झालंय. उशीला, पाण्याला, सगळ्याला माझाच वास येतोय. ह्यांना विचारलं तर गोडच बोलणार. तुमी खोटं बोलत न्हाय. तुमी सांगा, न्हायतर मी काम सोडते.”

अक्कम्मानं देव्हाऱ्याकडं पाहिलं. समईची ज्योत हलत नव्हती. मग तिनं डोळे मिटले, पोरीच्या खांद्याशी तोंड नेलं आणि नाकानं श्वास घेतला.

वाळा आला. ओली माती आली, भरल्या माठाचा गारवा आला. त्याच्या खाली कोवळा घाम. शिवराजच्या तापल्या कपाळाला असाच वास होता. ती कितीतरी वेळ तिथून हललीच नाही.

“वाळ्याचा येतोय,” ती म्हणाली. “आन् जरासा घामाचा. माणसाचा.”

“मग?”

“मग काय? जा. दुपारी मी येते डबा घेऊन, चालत. तुझ्या शेजारी बसून जेवते. बघू कोण उठतंय.”

अंकितानं चपला घातल्या.

दुपारी रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. अक्कम्मानं भाकरी फडक्यात बांधली. मलमाच्या वाटीवर झाकण ठेवलं. स्वतःला बोटभरही लावलं नाही. कोपऱ्यावर रिक्षावाल्यानं हाक दिली. तिनं नको म्हणून मान हलवली, पदर डोक्यावर घेतला आणि भर उन्हातून चालू लागली.