ओनी, आत!

मी ओनीचा मुखवटा बोलतोय. ओनी म्हणजे राक्षस. दोन शिंगं, वर आलेले सुळे, लालभडक तोंड. मला पाहून भल्याभल्यांची बोबडी वळते. पण खरं सांगू? सगळ्यात भित्रा मीच.

तोक्योबाहेरच्या एका स्टुडिओत एका सिनेमासाठी मला शिगेओ ओनिझुकाच्या चेहऱ्याच्या मापाने घडवलं. हा माणूस जन्मभर सिनेमातला राक्षस झाला; मार खायचा, कोलांट्या घ्यायच्या, चेहरा कधी दिसायचा नाही. मी मात्र त्याला आतून ओळखतो. राग आला की त्याचे दात करकरतात आणि मला त्याच्या तोंडावरून पळून जावंसं वाटतं. अशाच एका रागात त्याने उकळती किटली भिरकावली होती. लेकीच्या, मिसाओच्या मनगटावर डाग राहिला आणि ती घर सोडून गेली.

या सिनेमात मिसाओच नायिका होती. ती चिलखत घालून बापाच्या अंगात शिरलेल्या ओनीला हाकलते, अशी गोष्ट. सेटवर ती सख्ख्या बापाला परक्यासारखं, आडनावाने विचारायची, "ओनिझुकासान, तयार आहात ना?"

"अगं, मग तू कोण? तूही ओनिझुकाच की!" मेकअपवाली खिदळायची. बापलेक हसत नसत.

शेवटचं दृश्य सेत्सुबुनच्या सणाचं होतं. त्या दिवशी घरोघरी भाजलेले सोयाबीन फेकत ओरडतात, "ओनी बाहेर, सुख आत!" मिसाओने मूठभर दाणे फेकले आणि कडाडली, "ओनी, आत!"

"कट! अगं बाहेर, बाहेर!" दिग्दर्शकबाईंनी कपाळाला हात लावला.

"चुकलं. आमच्याकडे असंच म्हणतात," मिसाओ पुटपुटली. आडनावातच ओनी, मग त्याला हाकलायचं कसं? म्हणून ओनिझुकांच्या घरी पिढ्यानपिढ्या त्याला आत बोलावतात. सगळे हसले. माझ्या आत शिगेओने तेच शब्द हळूच पुन्हा म्हटले.

दुसऱ्या वेळी ती बरोबर बोलली. दाणे गारांसारखे माझ्यावर आदळले. शिगेओ दाराबाहेर कोसळला आणि दृश्य संपलं तरी उठेना. माझी तर गाळणच उडाली. हा माझ्या आतच मेला की काय!

मिसाओ धावत आली आणि माझा पट्टा सोडवू लागली. त्याने मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

"राहू दे. बाहेरच बरा आहे मी. माझ्यातला ओनी अजून गेलेला नाही, मिसाओ. मला माझीच भीती वाटते."

तिचे हात थांबले.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण बाबा, आपल्या घरी काय म्हणतात? ऊठ. जेवायला चल."

तिने मला काढलं, बाजूला ठेवलं आणि त्याला धरून नेलं.

आता मी गोदामात टांगलेला आहे. येणारेजाणारे मला पाहून दचकतात, "बाप रे, ओनी!" म्हणतात. लोकहो, मला कशाला घाबरता? मी नुसता पोकळ मुखवटा. ओनी त्या दिवशी तिच्याबरोबर घरी गेला. जमलं तर कुणीतरी जाऊन तिला एवढं विचारा, बरी आहेस ना?