हनुवटीखालचा हात

मी दचकी बोलतेय. जातीनं मांजर, पण भांड्याचं झाकण पडलं तरी कपाटामागे पळते, म्हणून हे नाव.

नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुलींनी मला जुन्या टायरातून उचलून आपल्या भाड्याच्या खोलीवर आणलं. एक माझी पोरगी. दुसरी तिची मैत्रीण. वयानं कोवळी, पण उपदेश पिकलेला, म्हणून सगळ्या तिला काकू म्हणतात.

पोरगी माझ्या पंजावर बँडेज बांधायचा सराव करी. नाडी सापडली नाही की घाबरून म्हणे, "अगं, मेलीस की काय?" वॉर्डातून आली की गणवेश बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि मला मांडीवर घेऊन हनुवटीखाली खाजवायची. कोण ओरडलं, कोण दगावलं, सगळं मला सांगायची. मी घुर्रघुर्र करायचे, ती हलकी व्हायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

काल मात्र ती रडतच आली. वॉर्डातल्या एक आजी सुईला भिऊन हात ओढून घेत होत्या. त्यांना समजावता समजावता पोरीनं सवयीनं त्यांच्या हनुवटीखाली खाजवलं. वर म्हणाली, "शहाणी गं माझी ती!"

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर कडाडल्या, "पेशंट आहेत त्या, मांजर नव्हे!"

हे सांगता सांगता तिनं मोठ्यानं हुंदका दिला, माझ्याकडे हात केला. आणि मी? आवाजाला दचकून थेट कपाटामागे. तिथून तिचा रिकामा हात दिसत होता. दुधात तोंड घालताना पकडले गेले तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती. तिच्या हाताला ती सवय लावली मी, आणि वेळेला शेपूट घातलं तेही मीच.

सकाळी काकू त्याच वॉर्डातली रात्रपाळी करून आली, तरी पोरगी अंथरुणातच.

"मी कोर्स सोडतेय. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच तोंडानं. आजी सुई घेत नाहीयेत. म्हणतात, ती लाडानं खाजवणारी पोर कुठाय?"

"चेष्टा करतेस?"

"त्याला अख्खा वॉर्ड आहे. मी कशाला करू?"

मी अंगभर जळमटं घेऊन बाहेर आले. खाटेवरून लोंबणाऱ्या तिच्या हाताखाली हनुवटी सरकवली. ढकलेल, वाटलं. बोटं हललीच नाहीत. मग एक हललं.

"भित्री भागूबाई!" ती म्हणाली. मला की स्वतःला, कोण जाणे. पण उठली आणि हात धुवायला गेली.

आता ती वॉर्डात आहे आणि मी खिडकीत. 'मांजर असलं की मन सावरतं,' असं काकू सगळ्यांना सांगते, तेव्हा मी तोंड पंजात लपवते. तुमच्या घरी अशी एखादी पोर रडत आली आणि मांजर पळालं, तर त्याला रागावू नका. ते लाजून कपाटामागे बसलेलं असतं. ते बाहेर येईपर्यंत तिचा हात तेवढा तुम्ही धरा.