सकाळची भाकर

भावकीतल्या, शेजारच्या सुलाबाईंनी पितळी परमेश्वरापुढं सरकवली आणि भाकर मोडून त्याच्या हातात दिली. मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतून पिठलं-भाकर येते आणि ती खावीच लागते.

"घे बाळा. दोन घास तरी."

"न्हाई काकू. सात वाजून गेले."

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. आईला जाळून आलेला माणूस घड्याळ बघतो! पण इतक्या महिन्यांची सवय, तोंडातून निघून गेलं.

परमेश्वर मुळात खाण्यातला गडी. ताडकळसला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं, वायंडिंगचं दुकान, दिवसभर बैठं काम, खुर्चीत अंग मावेना. लिव्हरवर चरबी चढलीय, शुगर काठावर आलीय, असं परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं. तेव्हापासून दुपारी एक ते संध्याकाळी सात, काय जेवायचं ते एवढ्यातच. गावानं थट्टा केली, "रोजचीच एकादशी का शेठ?" पण पठ्ठ्यानं नेटानं केलं. पँट ढिली झाली, रिपोर्ट सुधारले. रुख्मिणी अंगणवाडीत नवऱ्याचं कौतुक सांगत सुटली. त्याच दिवसांत आईही वाळत चालली होती. वय झालं तिचं, असं दोघं धरून चालले.

काल दुपारी तो जेवायला घरी आला, तर आई, सरजाबाई, चुलीपाशी आडवी पडलेली, लुगडं घामानं चिंब. दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही.

"शुगर पार खाली गेली होती," डॉक्टर म्हणाले. "शुगरच्या गोळीवर सकाळी काही खाल्लं होतं का त्यांनी?"

"खाल्लं की," तो ठामपणे म्हणाला. रुख्मिणी रोज भाकरी करून, सासूच्या हातावर गोळी ठेवूनच कामाला जायची. मग शुगर खाली गेलीच कशी? कालपासून हेच त्याला आतून कुरतडत होतं.

"खा की रे," सुलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "तू असा उपाशी बसलास तर तिला वर तरी घास जाईल का? तुझ्या आधी जेवली का कधी ती?"

परमेश्वरानं मान वर केली. "सकाळी जेवायची की."

"तवा जेवायची, तुझ्यासंगं. तू दुपारचा जेवायला लागलास तशी ती बी दुपारीच. मी लय सांगितलं, अक्का, चतकोर तरी खा. तर म्हनायची, लेकरू तिकडं उपाशी काम करायलंय, मला गिळवंल का?"

"आन् गोळी?"

"गोळी येळच्या येळी. तू आणलेली गोळी, ती कशाला चुकवंल?"

दाराशी उभी असलेली रुख्मिणी पदर तोंडात कोंबून रडू लागली.

परमेश्वर रडला नाही. त्यानं घास उचलला. मागोमाग दुसरा, तिसरा; न चावता, भराभर, ठसका लागला तरी थांबेना.

सुलाबाईंचा जीव भांड्यात पडला. पाण्याचा तांब्या पुढं करत, त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्या मायेनं म्हणाल्या,

"आस्सं. आता जेवंल बघ ती."