लोहगडावर राह्यलेलं सीट

वडापवाल्याला तोंडं दिसत न्हाईत, सीटं दिसतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढं मला शिव्या घालताना जरा दमानं घ्याल. मी राजमहंमद. पवनानगर ते कामशेत सव्वीस वर्षं जीप मारतोय. नऊ सीटं भरली की गाडी हलवायची. नववं सीट कोण हाय हे निरखायला मी काय नवरी बघायला आलोय का?

त्या दिवशी मात्र नवरी बघायलाच पाव्हणे आलेवते, जुन्नरहून. माझी रुमाईसा कान्ह्याला दवाखान्यात नर्स हाय. तितं औषधाच्या पेट्या घेऊन येणारा इर्शाद. दोघांचं आपसात ठरलंवतं. पोरीनं मला सरळ सांगितलं, "अब्बा, हे जमलं तर जमलं. न्हाई तर परत माझ्यासमोर स्थळाचं नाव काढू नका." अडचण एकच व्हती, इर्शादची आई इफ्फतबी.

इफ्फतबी दिवाळीत जयपूर बघून आलीवती, आन आता मे लागला तरी ती तितनं परत आली नव्हती. उंबरा ओलांडला नि म्हणाली, "जयपूरला घरं कशी गुलाबी असतात!" माझं घर बी गुलाबीच हाय, पण ते तिला दिसंना. पाण्याचा तांब्या दिला तर म्हणाली, तिथल्या राजाचा चांदीचा रांजण माणसापरीस उंच हाय. रुमाईसानं विचारलं, "खाला, चहात साखर किती?" तर म्हणाली, "मला शुगर हाय. पर जयपूरला पाकातला घेवर खाल्ला मी."

माझं डोकं सटकलं. शिवनेरीच्या पायथ्याला ऱ्हायचं आन कवतिक जयपूरचं! म्हटलं, "चला, आमचा लोहगड दाखवतो." माझी बायको मुमताज कानाशी येऊन म्हणाली, "अवो, तुमी तरी कधी वर गेलाय का?" न्हाई गेलो. पाव्हण्यांना पायथ्याला सोडायचं आन गाडीत ताणून द्यायची, हा माझा गड.

आठ पाव्हणे नि मुमताज, अशी नऊ माणसं भरली. रुमाईसा बिर्याणीपाशी थांबली. दुधिवरे खिंडीतनं लोहगडवाडी गाठली, गाडी सावलीला लावली नि मी डोळे मिटले. इफ्फतबीचा आवाज पायऱ्यांवरनं खाली येतच व्हता. "लिफ्ट न्हाई का हितं?" वरचं मला मुमताजनं मागनं सांगितलं.

"महाल कुटंय?" इफ्फतबीनं विचारलं.

"हितंच व्हता."

"हितं तर गवत हाय."

"व्हय, गवताच्या आधी व्हता," मुमताज म्हणाली. माझीच बायको ती.

दोन-अडीच तासांनी मंडळी उतरली. घामानं भिजलेली, तोंडं वाकडी. मी हॉर्न दाबला, "चला चला चला! बसून घ्या, सरकून घ्या!" पुढं दोन, मधी चार, मागं तीन. झाली नऊ. हाणली गाडी.

वाटेत गाडीत अशी शांतता की मी खुशीत शीळ घातली. म्हटलं, गडानं बाईचं तोंड गप केलं. मागच्यांना वाटलं ती पुढं बसलीय, पुढच्यांना वाटलं मागं. तिचे मालक जावेदभाई तर डोळे मिटून बसलेवते. त्यांना शांतता घावलीवती, ते कशाला चौकशी करतील?

घरी उतरलो तर रुमाईसा दारात लिंबू सरबत घेऊन उभी. सगळ्यांनी घटाघटा प्यायलं, पण एक ग्लास तिनं कुणाला दिलाच न्हाई. बिनसाखरेचा व्हता तो.

"अब्बा, खाला कुटंयत?"

"असतील की! नऊ माणसं आणलीत मी."

"मग ह्या कोण?"

नववं सीट ओट्यावर बसून सरबत पीत व्हतं. लोहगडवाडीची येसूबाई, मांडीवर करवंदांची पाटी. रिकामं सीट दिसलं, बसली बिचारी; बाकीच्यांना वाटलं, वडापच हाय, मीच वाटेचं सीट भरलं. म्हणाली, "भाऊ, बाजारात सोडायचं सोडून घरी कशाला आणलं? पर सरबत झ्याक हाय."

इर्शादनं घाईघाईनं आईला फोन लावला. फोन जावेदभाईंच्या खिशात वाजला. त्यांनी काढला, कानाला लावला नि म्हणाले, "हॅलो?"

रुमाईसा भिंतीला टेकली. "संपलं, अब्बा," एवढंच म्हणाली. पोरीचं ते तोंड बघवंना. इर्शाद "मी बी येतो" म्हणेस्तोवर मी गाडी फिरवून रस्त्याला लागलोवतो.

इफ्फतबी शेवटच्या पायरीवर बसलीवती. चपलेतला खडा काढायला म्हणून टेकली, तेवढ्यात आमी पसार. मी पाय धरायचं ठरवूनच उतरलो, पण ती म्हणाली, "जयपूरला गाइड माणसं मोजून न्हेतात!"

झालं, सटकली माझी. "मी बी मोजलीवती! नऊच भरली!"

ती उठली. "कवा कळलं?"

"घरी गेल्यावर."

"कुणाला? ह्यांना?"

"न्हाई."

"इर्शादला?"

हितं खोटं बोलायला पायजे व्हतं. 'व्हय, पोरगं ढसाढसा रडलं' म्हटलं असतं तर माझ्या पोरीचं सोनं झालं असतं. पण माझ्या जिभेला हाड न्हाई. "नवऱ्याला न्हाई, पोराला न्हाई, तुमच्या एका बी माणसाला न्हाई! माझ्या पोरीला कळलं. तुमच्यापुरतं बिनसाखरेचं केलंवतं, ते प्यायला कुणी न्हाई म्हणून!"

बोललो आन जीभ चावली. लेकीचं लगीन बापानंच मोडलं.

ती गुमान पुढच्या सीटवर बसली. खिंड आली, धरणाचं पाणी दिसलं, बाई अक्षर बोलंना. या अल्ला, म्हटलं, एकदा तरी जयपूर म्हण! पण न्हाई.

घरापुढं सगळे ओळीनं उभे व्हते. जावेदभाई हळूच म्हणाले, "मला वाटलं, तू पुढं बसलीयस."

"तीस वर्षं तुमाला तसंच वाटतंय," ती म्हणाली.

इर्शाद पुढं आला, "अम्मी, मी निघालोच व्हतो..." तिनं त्याला हातानं बाजूला सारलं आन रुमाईसासमोर जाऊन उभी ऱ्हायली. मुमताजनं माझा दंड असा दाबला की अजून दुखतोय.

"पोरी," इफ्फतबी म्हणाली. डोळे पुसून परत म्हणाली, "मी दिसले न्हाई तर विचारणारी जल्मात पहिली तूच. तुला मी न्हेणार म्हंजे न्हेणार." मग मागं वळून म्हणाली, "इर्शाद, तुला लग्नाला यायचं असंल, तर तू बी ये."