खारूचा डबा

आई गेली त्या आठवड्यात घरात इतकी माणसं येत होती की दिवसा दाराला कडी लावणं आम्ही सोडूनच दिलं. मावशीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. आलेल्याला चहा आणि चहाबरोबर काहीतरी, हा तिचा नेम. त्या काहीतरीच्या शोधात तिचा हात वरच्या फळीवरच्या निळ्या डब्यापर्यंत पोचला, तेव्हा मी बाहेरच्या खोलीतून उठून आत गेले आणि डबा तिच्या हातातून काढून घेतला.

“अगं, दोन बिस्किटं काढत होते. तुझ्या बाबांचं जुनं गिऱ्हाईक आलंय. नुसता चहा कसा द्यायचा?”

“पाव भाजून दे. ह्या आल्याच्या कुकीज आहेत आणि त्या खारूच्या आहेत.”

“खारू यायला अजून किती अवकाश आहे! तोवर काय राहणार आहे त्यांच्यात?”

“सगळं राहील.”

“सोन्याच्या विटाच जशा काही,” मावशी म्हणाली, पण पाव शोधायला वळली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, तरी माझ्याशी वाद घालायची तिची तयारी असायची. त्या दिवसांत मला त्याचा आधार वाटायचा.

खारू म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी तो कुकीज खिशात, कंपासपेटीत, उशीच्या अभ्र्यात साठवून ठेवायचा आणि मुंग्यांच्या रांगेमागे जात आई त्याची कोठारं शोधून काढायची. तेव्हापासून तो खारू. आता तो मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत काम करतो. आईचं कळलं तेव्हा जहाज भर समुद्रात होतं. पुढचं बंदर येऊन त्याच्या जागी दुसरा माणूस मिळेपर्यंत त्याला उतरता येणार नव्हतं. आईचं शेवटचं दर्शन त्याला मिळालं नाही.

जहाजावरून त्याचा फोन आला की आईचं एक ठरलेलं असायचं. ख्यालीखुशाली विचारून झाली की ती डब्यातून आल्याची एक कुकी काढायची, फोनजवळ धरायची आणि मोडायची. कडक्! “ऐकलंस? आता ये लवकर.” तिकडून खारू तोंडाने चावल्याचा आवाज काढायचा. मग दोघंही हसत सुटायची. “माणसं फोनवर बोलतात,” बाबा म्हणायचे, “आमच्याकडे बिस्किटं मोडतात.”

“बिस्किटं नाहीत, कुकीज,” आई म्हणायची. हा त्यांचा वाद माझ्या जन्माआधीपासूनचा.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने ह्या कुकीज केल्या. ऑपरेशन साधं होतं. परत यायचंच होतं. झाकणावर चिकटपट्टी फिरवता फिरवता ती मला म्हणाली, “हा खारूचा डबा. तो आल्यावर उघडू.”

ती दवाखान्यातून घरी येईल तोवर खारूही येऊन पोचेल असं काहीतरी गणित तिच्या डोक्यात होतं. ते चुकलं.

खारूचा फोन आला तेव्हा आवाज तुटत होता.  मग त्याने विचारलं, “ताई, आईने माझ्यासाठी केल्या होत्या का ह्या वेळी?”

“केल्यात. डबा भरलेला आहे.”

“उघडू नकोस. मी येऊन मोडतो.” थोडा वेळ नुसती इंजिनाची घरघर ऐकू आली. “पण तोवर मऊ पडल्या तर?”

“पडणार नाहीत,” मी म्हणाले.

म्हणाले खरी. फोन ठेवल्यावर कळलं की आपण शब्द दिला आहे. मी तो पाळायचा ठरवला. त्या महिन्यात माझ्या हातात येण्यासारखं तेवढं एकच काम होतं. बाकीचं सगळं होऊन गेलं होतं.

आईचं डब्याचं शास्त्र मला बघून बघून पाठ होतं. कुकीज भट्टीतून, म्हणजे आमच्या छोट्या ओव्हनमधून, काढल्या की पार थंड झाल्याशिवाय डब्यात जायच्या नाहीत. आल्याच्या कडक कुकीज आणि मनुकांच्या मऊ कुकीज एका डब्यात कधीच नाहीत, कारण मऊ कुकी आपला ओलावा कडक कुकीला देऊन टाकते आणि दोन्ही बिघडतात. मऊ कुकीजच्या डब्यात ती पावाचा एक तुकडा ठेवायची, म्हणजे त्या वाळत नसत. कडक कुकीजचा डबा मात्र काठोकाठ भरायचा. थरांमध्ये कागद, वर चुरगळलेला कागद, हवेला जागाच नको. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. चुलीजवळ तर नाहीच.

स्वयंपाकघरात मावशीची किटली दिवसभर वाफा सोडत होती. म्हणून मी डबा तिथून हलवला आणि आतल्या खोलीतल्या कपाटात, आईच्या स्वेटरांच्या कप्प्यात ठेवला. त्या कपाटासारखी कोरडी जागा घरात दुसरी नव्हती.

“आता त्यांना कानटोपी पण घाल,” मावशी म्हणाली.

हवा वाईट होती. आभाळ रोज भरलेलं. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, मिठाच्या बरणीत गठ्ठे झाले होते. मी सकाळी कामावर जाताना कपाटाचं दार नीट लागलंय ना ते दाबून बघायची. संध्याकाळी आल्यावर पुन्हा एकदा.

एका संध्याकाळी कपाट उघडं दिसलं. बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. मला वाटलं आईचा स्वेटर हातात घेऊन उभे असतील, म्हणून मी मागे फिरणार होते. मग झाकणाचा पत्रा वाजला. बाबांनी डबा छातीशी धरला होता आणि नाक आत घातलं होतं.

“बाबा?”

“खात नाहीये,” ते घाईने म्हणाले. “एकही खाल्ली नाहीये. मोजून बघ.”

“मग काय करताय?”

 “तिच्या हातांना हाच वास यायचा.”

मी चिकटपट्टी आणली आणि त्यांच्या हातातून डबा घेऊन झाकणावर फिरवली. “बाबा, दर वेळी उघडला की दमट हवा आत जाते. रोज उघडता का?”

“रोज नाही,” बाबा म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे ते खिडकीकडे बघत होते. “मी नासवलं का गं काही?”

“अजून नाही. पण आता उघडू नका. खारूला मी शब्द दिलाय.”

“बरं. नाही उघडणार.”

ते एवढ्यावर थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण बाबांच्या मनाला ते लागून राहिलं होतं.

खारूचा फोन आला, तो विमानतळावर होता. उद्या सकाळी पोचतो म्हणाला. मी ठरवलं, एक कुकी काढून बघायची. अंधारात उडी नको. डबा काढला तर चिकटपट्टी मी लावली होती त्यापेक्षा सरळ लागलेली. कडेला सुरकुती नाही, टोकं बरोब्बर एकावर एक. असं काम आमच्या घरात एकच माणूस करतो. बाबांनी सगळं आयुष्य घड्याळं दुरुस्त केली आहेत.

झाकण काढलं. वरच्या कागदावर पावाचा एक तुकडा ठेवलेला होता. वाळून पापडासारखा झालेला. त्याच्यातला ओलावा कुठे गेला होता ते मला बघायची गरज नव्हती, तरी मी कुकी उचलली आणि मोडली. ती वाकली. मग मुकाट्याने, ओल्या पुठ्ठ्यासारखी दुभंगली.

“बाबा!”

ते आले. माझ्या हातातले दोन तुकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“पाव तुम्ही घातलात?”

“मी उघडून उघडून बिघडवल्या होत्या ना, म्हणून. ती घालायची ना पाव? ताज्या राहाव्यात म्हणून घालायची. मी रोज बघायचो.”

“मऊ कुकीजमध्ये, बाबा! कडक कुकीजमध्ये नाही!” माझा आवाज चढला तो मलाच ऐकू आला. “जन्मभर लोकांच्या घड्याळांत शिरलेलं पाणी काढलंत आणि ह्या डब्यात पाव घातलात?”

बाबा खाली बघत राहिले. मावशी हात पुसत दारात आली, दोघांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. “अगं, मग उद्या पहाटे उठून नव्या कर की. त्याला काय कळणार आहे?”

“त्याला सगळं कळेल. आणि नव्या केल्या तर त्या माझ्या होतील.”

 मी पावाचा तुकडा केराच्या डब्यात टाकला, कुकीज ताटात पसरल्या आणि पंख्याखाली ठेवल्या. दमट हवेत पंखा काय करणार! पण नुसतं बसून राहणं मला जमणार नव्हतं. पुढे काय करायचं ते मी शोधत होते, तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, “चमचा.”

“काय?”

“तिचा तो मोठा लाकडी चमचा कुठे आहे? दांडा जळका असलेला.”

तो भांड्यांच्या मांडणीत होता. दांड्याच्या मधोमध एक काळा पट्टा होता. मला नेहमी वाटायचं, कधीतरी चुकून गॅसवर राहिला असेल.

“खारू यायचा त्याच्या आदल्या दिवशी ती भट्टी अगदी मंद लावायची,” बाबा म्हणाले. “डब्यातल्या कुकीज परत आत ठेवायची. आणि दार पूर्ण लागू नये म्हणून मध्ये हा चमचा अडकवायची, वाफ बाहेर जायला. इतके दिवस डब्यात राहून कुठली कुकी तशीच्या तशी राहते?”

मी त्या काळ्या पट्ट्याकडे बघत राहिले. “प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

“मला का नाही सांगितलंत इतके दिवस?”

“तिने सांगितलं होतं, पोरांना कळू देऊ नका. त्यांना वाटू दे माझा डबाच तसा आहे.” मग ते म्हणाले, “आणि तू मला काही विचारतच नव्हतीस. नुसती चिकटपट्टी लावत होतीस.”

मावशीला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी भट्टीकडे बघत होते. आई गेल्यापासून ती कोणी पेटवली नव्हती. मी बटण फिरवलं.

आधी मोडलेली कुकी ठेवली. जळायचीच असेल तर ती जळू दे. दारात चमचा अडकवला, दांड्यावरचा पट्टा दाराच्या कडेवर बरोबर बसला. आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. बाहेर काढली तेव्हा ती आधीपेक्षाही मऊ लागली.

“थांब,” बाबा म्हणाले. “गार होऊ दे. गरम असताना मऊच असते.”

गार झाल्यावर मी तिचा कोपरा मोडला. तो कटकन तुटला. मग बाकीच्या ठेवल्या, एकीवर एक येणार नाही अशा, थोड्या थोड्या करून. मागच्या डाव्या कोपऱ्यात भट्टी जास्त तापते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे तिथल्या दोन कडेने काळ्या झाल्या. त्यानंतर मी तो कोपरा रिकामा सोडला.

हळूहळू वास सुटला. आधी लोण्याचा, मग गुळाचा, मग आल्याचा. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून जिन्यात. मावशी स्टुलावर बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. बाबा खोलीच्या मधोमध उभे होते, हात बाजूला सोडून. त्यांना कुठेही नाक घालावं लागत नव्हतं.

“आता भरूया डब्यात,” थोड्या वेळाने ते म्हणाले.

“नाही. अजून कोमट आहेत.” मी प्रत्येकीच्या पोटाला बोट लावून बघत होते. गरम कुकीवर झाकण लावलं की वाफ आत कोंडते आणि सगळी मेहनत पाण्यात. आम्ही वाट बघितली. मधेच बाबा आत जाऊन एक छोटी कागदी पुडी घेऊन आले, घड्याळांच्या खोक्यात असते तशी.

“ही टाकू? ओलावा ओढते.”

“बाबा, तिच्यावर ‘खाऊ नये’ असं लिहिलंय.”

“मी कुठे खायला सांगतोय?”

“आजपासून त्या डब्यात तुम्ही काहीही टाकायचं नाही.”

दोन करपलेल्या कुकीज मी एका लहान बरणीत घातल्या आणि बरणी त्यांच्या हातात दिली. “ही तुमची. हव्या तितक्या वेळा उघडा.”

खारू सकाळी आला. वाळला होता, दाढी वाढली होती. बाबांना मिठी मारून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मावशीने त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग त्याने पिशवी भिंतीशी ठेवली, हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसला. कोणी काही न सांगता मी डबा त्याच्यापुढे ठेवला.

त्याने चिकटपट्टी नखाने सोडवली. एक कुकी उचलली, दोन्ही हातांत धरली आणि थांबला. त्याच्या बोटांच्या रेघांत तेलाचा काळेपणा मुरलेला होता. 

“मोड की रे,” मावशी म्हणाली. “सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.”

त्याने मोडली.

कडक्!

आवाज भिंतीवर आपटून परत आल्यासारखा वाटला. खारूने मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाला, “ऐकलंस?”

 खुर्चीतून बाबा म्हणाले, “ऐकलं रे. ऐकलं.”

पहिला तुकडा त्याने तोंडात ठेवला आणि डोळे मिटून चावला. दुसरा चावून झाल्यावर त्याने डोळे पुसले. “ताई, इतके दिवस अशा कशा राहिल्या गं ह्या? आभाळ तर असलं आहे.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मावशीने तोंड उघडलं, तेवढ्यात मी तिच्या हातात एक कुकी दिली.

“आईचा डबाच तसा आहे,” मी म्हणाले.

नंतर तो म्हणाला की ह्यातल्या दोन-तीन मी नेतो, जहाजावर ठेवतो, खाणार नाही, नुसत्या ठेवीन. कागदात गुंडाळायलाही लागला. मी त्याच्या हातातून त्या काढून घेतल्या आणि ताटात ठेवल्या.

“नाही. आजच संपवायच्या. तिने तू येईपर्यंत ठेवायला केल्या होत्या. तू आलास.”

“दोन सुद्धा नाही?”

“तुझ्या उशीच्या अभ्र्यात आता मुंग्या शोधायला कोणी नाहीये, खारू.”

तो हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मोठ्याने हसलं. मग आम्ही चौघांनी खाल्ल्या, चहाबरोबर, चहाशिवाय, बोलत, न बोलता. शेवटची बाबांनी खारूला दिली, खारूने अर्धी करून बाबांना परत दिली. तीही वाजली.

मी डबा धुतला, कोरड्या फडक्याने आतून पुसला, कोपरे बोटाने पुसले आणि उघडाच खिडकीत ठेवला.

“झाकण लगेच लावू नकोस,” बाबा मागून म्हणाले. “आत ओल राहते.”

“माहीत आहे, बाबा,” मी म्हणाले, आणि मावशीला विचारलं, घरात किसायला आलं आहे का.